लाईनवर थांबा

थांबाताईचा आवाज गावातल्या बहुतेकांनी ऐकला होता, पण रेडिओवर तो कधी लागला नव्हता. सकाळच्या ‘बोला बिनधास्त’ कार्यक्रमाला फोन केला की पहिल्यांदा तीच उचलायची. नाव काय, विषय काय, एवढं विचारायची आणि म्हणायची, “लाईनवर थांबा.” कुणाचा नंबर लगेच लागे, कुणी थांबून थांबून कंटाळून फोन ठेवून देई. म्हणून थांबाताई. भाजीवालीसुद्धा तिला याच नावाने हाक मारायची आणि वर, “आता तुम्ही थांबा जरा,” म्हणून हिशेब चुकता करायची.

तिची खोली म्हणजे स्टुडिओला चिकटवलेलं कपाटच. मध्ये जाड काच. काचेपलीकडे निवेदक, अलीकडे ती. कानावर हेडफोन, समोर फोनची पेटी, पेटीवर लाईनींचे दिवे. दिवा लुकलुकतोय म्हणजे कुणीतरी ताटकळतंय. पेटीच्या कडेला एक लाल बटण होतं, त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. इथे बोललेलं लोकांच्या रेडिओत पोचायला काही सेकंद लागायचे. तेवढ्यात कुणी शिवी हासडली तर कात्री दाबायची, की आवाज बंद आणि गाणं सुरू. ती फक्त शिव्यांसाठीच दाबायची, असा दंडक होता.

कुणाला आत सोडायचं याचाही दंडक होता, तो निवेदकाने घालून दिलेला. “रडणारा चालतो,” तो म्हणायचा, “भांडणारा पळतो. समजावून सांगणारा आला की लोक दुसरं स्टेशन लावतात.” दिसायला गोड, बोलायला गोड, पण दोन माणसं एकमेकांच्या उरावर बसली की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते पाहून थांबाताईला पहिल्या वर्षी भीती वाटली होती. मग सवय झाली. पोटासाठी माणूस कशाकशाची सवय करून घेतो.

ती एकटी राहायची. वरच्या मजल्यावर तिचा थोरला भाऊ आणि वहिनी. वडील गेले तेव्हा दादा नुकता बस डेपोत लागला होता. त्याने तिला वाढवलं, शिकवलं, या नोकरीसाठी पहिल्या दिवशी स्वतः सोडायला आला. डेपोत तो मुख्य मेकॅनिक झाला. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा, आणि तोंडाने त्याहून तेज. मग पालिकेने डेपोचा कारखाना बंद केला, दुरुस्ती बाहेरच्या ठेकेदाराला दिली आणि दादाला घरी बसवलं. तेव्हापासून तो खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा. वहिनी म्हणायची, “भिंतीशी बोललं तर भिंत तरी प्रतिध्वनी देते.”

एका सकाळी पेटीवर दिवा लागला. तिने फोन उचलला, नाव विचारलं.

“पाना म्हणून सांग,” पलीकडून आवाज आला. “विषय बस डेपो.”

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. आवाज दादाचा होता, तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरून येत होता.

“लाईनवर थांबा,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या क्षणाला रांगेतल्या सगळ्यांना ओलांडून तिने त्याला आत सोडलं.

दादा बोलला. “गाडी बिघडली की लोक मेकॅनिक बोलावतात. आपल्या पालिकेने मेकॅनिकच भंगारात काढला आणि आता गाडीला विचारतायत, बाई गं, तू चालत का नाहीस?” निवेदक खुर्चीत उडाला. पेटीवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. त्या संध्याकाळी वहिनीने जिन्यात तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “आज यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. काय केलंस गं?”

स्टेशनवर कुणाला ठाऊक नव्हतं की पाना तिचा भाऊ आहे. तिनेही सांगितलं नाही.

पाना रोज यायला लागला. पालिकेचा नवा बेत तोवर बाहेर आला होता: डेपोच बंद करायचा, तोट्यातल्या फेऱ्या काढून टाकायच्या. वाहतूक समितीच्या प्रमुख होत्या चौकातल्या औषधवाल्या बाई. शांत बाई. सभेत आकडे घेऊन उभ्या राहत, प्रश्नाला उत्तर देत, पुढच्या प्रश्नाची वाट पाहत. दादाने एका सकाळी त्यांना नाव ठेवलं. “दुकानात झोपेची गोळी, सभेत झोपेची गोळी. ही गोळीबाई अख्ख्या गावाला निजवणार आणि निजलेल्या गावाच्या उशाखालून बस काढून नेणार!”

दुपारपर्यंत ते नाव गावभर झालं. रिक्षावाले म्हणाले, शाळेतली पोरं ओरडली, दुसऱ्या दिवशी दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगवून ठेवलं. थांबाताईला हसू आलं होतं, हे खरं. नाव होतंच तसं चपखल.

औषधवाल्या बाईंनी स्वतः फोन केला. एकदा नाही, बरेचदा. थांबाताई म्हणायची, “लाईनवर थांबा,” आणि काचेपलीकडे निवेदक दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण करायचा. बाई थांबायच्या. कार्यक्रम संपायचा. “आज वेळ नाही मिळाला,” ती सांगायची. “बरं, उद्या करते,” बाई म्हणायच्या. आवाजात ना राग ना टोमणा. असं माणूस कुणालाही अवघडवून टाकतं.

दादाचा आवाज मात्र चढत गेला. आधी त्यात बस असायची, फेऱ्या असायच्या, पॅकिंग कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या बायका असायच्या. मग हळूहळू बस मागे पडली आणि नुसती गोळीबाई उरली. डेपोची जमीन आधीच विकून झाली आहे, असंही तो छातीठोक सांगायला लागला. जेवताना थांबाताईने विचारलं, “दादा, हे तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्या गावाला माहीत आहे.”

“पण तुला कुणी सांगितलं?”

“तू फोन उचल,” तो हसत म्हणाला. “बोलायचं मी बघतो.”

आणि मग ती सकाळ आली. दादा रंगात होता. निवेदक पुढे झुकून त्याला हवा घालत होता. “मग उपाय काय, पाना? नुसतं बोलून काय होणार?”

“उपाय सोपा आहे,” दादा म्हणाला. “उद्या दुकान उघडायच्या वेळेला सगळ्यांनी चौकात जायचं. गोळीबाईला विचारायचं, गावाची झोप उडवायची गोळी आहे का तुमच्याकडे? आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलायचं नाही!”

थांबाताईचं बोट कात्रीवर गेलं. त्यात शिवी नव्हती. दंडकाप्रमाणे दाबायचं काही कारण नव्हतं. आणि आवाज असा भरलेला, असा जिवंत, की हा माणूस महिनोन् महिने खिडकीशी मुका बसला होता यावर कुणाचा विश्वास बसला नसता. तिचं बोट तसंच राहिलं. सेकंद निघून गेले. वाक्य गावात पोचलं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम सुरू झाला तोच चौकातून फोन यायला लागले. “शंभरेक माणसं असतील ताई!” “मी अगदी समोर उभा आहे, मला घ्या!” निवेदक काचेवर बोटं आपटून खुणा करत होता: हा, तो, पुढचा. थांबाताई एकेकाला सोडत होती आणि फोनमागचा गलका वाढत होता. तिथेही कुणीतरी रेडिओ मोठ्याने लावला होता. चौक स्वतःचाच आवाज ऐकून आणखी चेकाळत होता. बाई दारात येऊन काहीतरी सांगतायत, ऐकू येत नाही, असं एकजण ओरडून म्हणाला. आणि त्याच्याच फोनमधून तिला ते ऐकू आलं. आधी एक ठोका. मग काच कोसळल्याचा लांबलचक आवाज.

पेटीवर आणखी एक दिवा लुकलुकत होता. दादा वाट पाहत होता. तो चौकात गेला नव्हता, घरीच होता.

“दादा,” ती म्हणाली. त्या फोनवर तिने त्याला पहिल्यांदा दादा म्हटलं. “दुकानाची काच फुटली.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “कुणाला लागलं?”

“कळत नाही. ओरडतायत सगळे.”

“मला आत घे. मी सांगतो त्यांना घरी जायला.”

तिने त्याला घेतलं. “ऐका,” दादा म्हणाला, “दगडबिगड कुणी मारायचा नाही. आपली लढाई शब्दांची आहे, दगडाची नाही, घरी जा सगळे.” पण हे बोलताना त्याचा आवाज घाबरलेला होता, आणि घाबरलेला पाना गावाला ओळखीचा नव्हता. चौकातून हुर्यो उठली. निवेदकाने लगेच तोंड घातलं: “ऐकलंत मंडळी! पाना म्हणतोय, आता शब्दांनी फोडा! कोण फोडणार? फोन करा...”

थांबाताईने कात्री दाबली.

आजवर तिने फोन करणाऱ्यांना कापलं होतं. निवेदकाला कधी कुणी कापलं नव्हतं. गाणं सुरू झालं. काचेपलीकडे त्याचं तोंड उघडं, हात वर, आणि त्याचा आवाज कुठेच जात नव्हता. तो उठून दार ढकलून आत आला. “डोकं फिरलंय का तुझं? सोड ते बटण!”

“नाही सोडत.”

“मालकांना सांगतो.”

“सांग. मीही येते. मला त्यांना आणखी एक सांगायचंय.”

तिने बोट काढलं नाही. गाणं संपलं, दुसरं लागलं. तोवर चौकात पोलीस पोचले होते.

मालकाच्या खोलीत तिने सगळं ओकून टाकलं. पाना कोण, तिने त्याला रोज रांग मोडून कसं आत घेतलं, बाईंना कसं ताटकळत ठेवलं. काम जाणार याची तिने मनाशी तयारी केली होती. मालक हनुवटी खाजवत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “दोघांना समोरासमोर बसवता येईल का?” त्यांच्या डोळ्यांत दया नव्हती, हे तिला दिसत होतं. श्रोते दिसत होते. तरी ती हो म्हणाली.

दुकानाच्या दाराला पुठ्ठा लावला होता. काच उडून बाईंचा उजवा हात कापला होता. टाके घातलेले, वर जाड बँडेज. डाव्या हाताने त्या गिऱ्हाइकाला औषध काढून देत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर थांबाताईने आपण कोण ते सांगितलं.

“आवाज ओळखला,” बाई म्हणाल्या.

“मी तुम्हाला मुद्दाम थांबवून ठेवत होते.”

“ते कळत होतं मला. तुमची गाणी बरी असतात म्हणून थांबायचे.” त्या हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. “तुमच्या त्या पानाचं एक म्हणणं बरोबर आहे आणि एक साफ चूक. दोन्ही मला त्याच्या तोंडावर सांगायची आहेत.”

दादाला तयार करणं जास्त अवघड गेलं. तो पुन्हा खिडकीशी बसला होता.

“मी मारला का दगड?” तिला पाहताच तो म्हणाला.

“नाही.”

“मग मी कशाला जाऊ? माफी मागायला?”

“माफी माग नाहीतर मागू नकोस. बसबद्दल बोलायला ये. दादा, तू बसबद्दल शेवटचं कधी बोललास?”

तो उसळला. “तुझी बाई गोड बोलून सगळं घशात घालते. शांतपणे बोलायला तिचं काय जातंय? तिची नोकरी नाही गेली! तावातावाने बोललो म्हणून तरी लोकांनी ऐकलं. नाहीतर डेपो कधी बंद झाला हे कुणाला कळलंसुद्धा नसतं.”

ते खरं होतं. ती तसं म्हणाली. “खरं आहे. लोकांनी ऐकलं. पण आता ते बसचं ऐकतच नाहीयेत.”

वहिनी आतून इस्त्री केलेला शर्ट घेऊन आली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून गेली.

ठरल्या सकाळी दोघं स्टुडिओत बसली. दादाने रात्रभर घोटलेली वाक्यं ओठांवर आणली होती, हे थांबाताईला काचेतून दिसत होतं. मग त्याची नजर बँडेजवर गेली. बाई डाव्या हाताने कागद उलटायला बघत होत्या आणि तो उलटत नव्हता. दादाने हात पुढे करून तो उलटला, आणि मग आपण हे काय केलं असं होऊन हात मागे घेतला.

“पाना, समोर साक्षात गोळीबाई!” निवेदकाने सुरुवात केली. “होऊन जाऊ द्या!”

“ते नाव घेऊ नका,” दादा म्हणाला.

“अहो, तुम्हीच ठेवलंय!”

“मीच ठेवलं. चुकलो. आता मीच म्हणतोय, नका घेऊ.”

पेटीवर दिवेच दिवे होते. बाईंनी घसा साफ केला. “जमीन विकली गेली, असं तुम्ही म्हणालात. कुणाला विकली?”

“सगळ्यांना माहीत आहे ते.”

“मला माहीत नाही आणि मी समितीत आहे. तुम्ही सांगा.”

निवेदक खुर्चीत चुळबुळला. दादाच्या कानशिलावर घाम आला. शेवटी दादा म्हणाला, “मी ऐकलं होतं.”

“कुठे?”

त्याने निवेदकाकडे पाहिलं. “इथेच. याच कार्यक्रमात कुणीतरी बोललं होतं.”

बाई यावर टाळी घेऊ शकल्या असत्या. त्यांनी घेतली नाही. “विकलेली नाही. विकायचा विचार आहे, आणि तो मी लपवणार नाही. आता तुमचं जे बरोबर होतं ते. पहाटेची फेरी. जाताना ती कारखान्याच्या बायकांनी भरलेली असते, येताना रिकामी. आम्ही दोन्ही मिळून हिशेब केला आणि गाडी अर्धी रिकामी म्हणून तोट्यात टाकली. ती आमची चूक झाली.”

दादाने बाईंकडे असं पाहिलं, जसं जोर लावून ढकलायला गेलेलं दार आधीच उघडं निघावं. मग तो पुढे सरकला आणि बसबद्दल बोलायला लागला. गाडी रिकामी परत आणायचीच कशाला? तिथेच थांबवा, पाळी सुटली की भरून आणा. डिझेल वाचेल, इंजिन वाचेल.

“आणि चालक? थांबलेल्या वेळेचा पगार त्याला कोण देणार?”

“याचं उत्तर,” दादा म्हणाला, “आज माझ्याकडे नाही.”

असं वाक्य त्या कार्यक्रमात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. आणि थांबाताईच्या डोळ्यांदेखत पेटीवरचे दिवे विझत गेले. एक गेला, मग दोन, मग बाकीचे. लोक फोन ठेवत होते. निवेदक काचेकडे वळून दोन्ही मुठी एकमेकींवर आपटत होता: भांडणारा दे, कुणीतरी भांडणारा दे. असा एकजण लाईनवर होताही. बाईंच्या नावाने काय काय बोलायचं ते त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. तिने त्याला थांबायला सांगितलं. मग एक नवा दिवा लागला. पॅकिंग कारखान्यातली बाई. चहाच्या सुट्टीत फोन केला होता, मागे यंत्रांची घरघर. थांबाताईने तिला सोडलं.

“चालकाला बसायला आमच्या फाटकाजवळची खोली रिकामी असते,” ती म्हणाली. “पगाराचं तुम्ही बघा. पण गाडी ठेवा बाई, नाहीतर आम्हाला अंधारात चालत यावं लागेल.”

बाईंनी ते लिहून घ्यायला डाव्या हातात पेन धरलं. दादा म्हणाला, “सांगा, मी लिहितो.”

पुढे काय झालं ते सरळच आहे. समितीने पहाटेची ती फेरी ठेवली, तोट्यातल्या बाकीच्या काढल्या. डेपो बंद झाला. दादाने शेवटपर्यंत विरोध केला, बाईंनी शेवटपर्यंत बंद करण्याच्याच बाजूने मत दिलं, आणि त्या जिंकल्या. कार्यक्रमाचे श्रोते घटले. निवेदक मोठ्या स्टेशनवर निघून गेला. मालकांनी कार्यक्रम दुपारी टाकला, जेव्हा ऐकायला कुणी नसतं, आणि थांबाताईचं काम कसंबसं टिकलं.

पानाचे चाहते मात्र पेटून उठले. “पाना विकला गेला.” “पाना गंजला.” दादाने जे हत्यार गावाच्या हातात दिलं होतं ते त्याच्याच पाठीत बसलं. तो पुन्हा बोलेनासा झाला, भात पुन्हा ताटात राहायला लागला. वहिनी एक दिवस तिच्या दारात येऊन उभी राहिली. “चांगला बोलता झाला होता माझा माणूस. तू त्याला शहाणा करायला गेलीस आणि मुका करून ठेवलास.” थांबाताई रात्रभर तळमळली. आपण बरोबर वागलो की नाही, हे तिला त्या दिवसांत सांगता आलं नसतं.

मग औषधवाल्या बाईंचा निरोप आला. प्रवाशांचा एक प्रतिनिधी समितीत घ्यायचा होता. बसायला कुणी तयार नव्हतं. दादा आठवडाभर “मी नाही जाणार” म्हणत राहिला आणि गेला. तिथे तो अजूनही आवाज चढवतो, टेबल वाजवतो. बाईंचं आणि त्याचं पटत नाही ते नाहीच. डोकं दुखलं तरी तो गोळी दुसऱ्या दुकानातून आणतो.

परवा बसथांब्याच्या छपरावरून वाद झाला. कारखान्याच्या थांब्याला आधी छप्पर घालायचं, हे त्याचं म्हणणं. दवाखान्याच्या थांब्याला आधी, हे बाईंचं. दादा मतांत हरला. घरी आला तो तणतणतच. जेवायला बसल्यावर त्याने वहिनीला आणि थांबाताईला सगळं सविस्तर सांगितलं: आपण काय म्हणालो, त्यावर बाई काय म्हणाल्या, दवाखान्याशी म्हातारी माणसं उन्हात किती वेळ उभी असतात, त्यातल्या एकीला मागच्या महिन्यात चक्कर आली होती. काही वगळलं नाही.

वहिनीने वाढता वाढता मान वर केली. “मग बरोबरच आहे की त्यांचं.”

दादाचा घास हातातच राहिला. तो एकदा बायकोकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला.

“तू कुणाच्या बाजूची आहेस?” तो ओरडला.

“तुम्हीच सांगितलंत ना आत्ता,” वहिनी म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.